बाईंची सम

तोंडाचा आ वासलेला, जिभेखाली थुंकी ओढणारी नळी, डाव्या गालात कापसाचे दोन बोळे. अशा अवस्थेत माणसाला कुणी काहीही सांगावं आणि त्याने ते मुकाट ऐकून घ्यावं. दाताच्या डॉक्टरने नेमकी तीच वेळ साधली, असं त्याला पुढे पाच-सहा दिवस वाटत राहिलं. खरं म्हणजे डॉक्टरने काही साधलंबिधलं नव्हतं. तो आपला दाढेत डोकावत, बारीक आरशावर दिव्याचा उजेड घेत सहज बोलून गेला, ‘‘रविवारी सकाळी मी बसतोय बाईंबरोबर. तुम्हाला बोलल्याच असतील त्या.’’ आणि लगेच, ‘‘जरा अजून उघडा, मास्तर.’’ त्याने अजून उघडलं. दुसरं करणार काय? बसतोय म्हणजे साथीला बसतोय, तबल्यावर. बाई गाणार आणि त्यांच्या शेजारी तबला-डग्गा पुढ्यात घेऊन हा दातांचा डॉक्टर बसणार. ज्या जागेवर गेली तेवीस वर्षं तो स्वतः बसत आला होता, त्या जागेबद्दल हा माणूस त्याच्याच दाढेत सुई खुपसून बोलत होता. त्याच्या घशातून एक आवाज निघाला. ‘‘दुखलं का?’’ डॉक्टरने काळजीने विचारलं. त्याने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते त्यालाही कळलं नाही. वर दिव्याच्या काचेत त्याचं स्वतःचं तोंड दिसत होतं, उलटं आणि लहान. त्या तोंडाभोवती डॉक्टरची बोटं फिरत होती. लांबसडक बोटं, नखं बारीक कापलेली, जराही न थरथरणारी. चौदा वर्षांपूर्वी हीच बोटं त्याच्या क्लासमध्ये आली होती. डॉक्टरने तेव्हा तबल्याच्या बोलांचा एक कायदा असा काही वाजवून दाखवला होता की बाकीचे विद्यार्थी तोंडात बोट घालून बघत राहिले. आणि त्याने, मास्तरने, डोळे किलकिले करून म्हटलं होतं, ‘‘हात तयार आहे. पण साथीचा नाही. साथीला बसणाऱ्याला वाट बघता आली पाहिजे.’’ डॉक्टर मान खाली घालून गेला आणि दुसऱ्या कुणाकडे तरी शिकला. बघा, बघितली त्याने वाट. चौदा वर्षं बघितली.

बाहेर पडला तेव्हा अर्धं तोंड त्याचं होतं आणि अर्धं कुणाचं तरी. घर पंधरा मिनिटांवर. चष्म्याचं दुकान, बँक, कपडे धुण्याचं दुकान, काचेआड फिरणारी यंत्रं, त्यात कुणाच्या तरी चादरी गरगरताहेत. बाईंना काही तरी झालं असणार, असं त्याने आधी मनाशी घेतलं. भीड पडली असेल. डॉक्टरने त्यांची कवळी फुकटात करून दिली असेल! या विचाराने त्याला इतकं बरं वाटलं की तो रस्त्यात थांबून हसला, आणि हसताना खालचा ओठ एका बाजूने लोंबतोय हे समोरच्या काचेत दिसलं तेव्हा तोंड मिटून घेतलं. बाईंचे दात अस्सल होते. तेवीस वर्षं त्याने ते जवळून पाहिले होते. गाणाऱ्या बाईचं तोंड तिच्या तबलजीइतकं कुणी पाहत नाही, तिचा नवरासुद्धा नाही. श्वास कुठे घेणार, कुठला सूर लावण्याआधी हनुवटी किंचित आत जाते, कुठली जागा मनासारखी झाली नाही की डावी भुवई वर चढते, हे सगळं त्याला पाठ होतं. आता हे सगळं त्या माणसासमोर उघडं पडणार, ज्याचा धंदाच लोकांच्या तोंडात बघण्याचा आहे. त्याच्या अंगाचा अगदी तिळपापड झाला. चालता चालता त्याने सवयीने ठेक्याचे बोल म्हणून पाहिले, पण बधिर जिभेला तिरकिट म्हणता येईना. तिलकित, तिलकित असं काहीतरी लहान मुलासारखं येत होतं. शेजारून जाणाऱ्या एका बाईने वळून पाहिलं.

बायको जेवणाच्या टेबलावर शाळेच्या पुस्तकांना प्लास्टिकची वेष्टणं घालत बसली होती. ती शाळेत ग्रंथपाल. सुट्टीत अशी चाळीस-पन्नास पुस्तकं घरी घेऊन यायची आणि रेडिओ लावून एकेक पुस्तक नवं करायची. तिने चष्म्यावरून पाहिलं. ‘‘तोंड का वाकडं?’’

‘‘भूल दिलीय,’’ तो म्हणाला. म्हणजे म्हणायचा प्रयत्न केला.

‘‘काय म्हणाला डॉक्टर?’’

‘‘मुळाशी जावं लागेल म्हणाला. गुरुवारी पुन्हा बोलावलंय.’’

‘‘आणि?’’

‘‘आणि काय?’’

‘‘दाढेपायी माणूस इतका गप्प होत नाही. काय झालं ते सांगा.’’

त्याने सांगितलं. तिने एका पुस्तकाच्या कडा दुमडल्या, चिकटपट्टी लावली, वरून हात फिरवला. मग म्हणाली, ‘‘मग आता दात दुखतोय की पोटात दुखतंय?’’ तिने चहा केला. तो त्याने बशीत ओतून प्यायचा प्रयत्न केला, तर अर्धा हनुवटीवरून सदऱ्यावर आला. तिने फडकं पुढे केलं. सदरा पुसत असताना ती म्हणाली, ‘‘बरं झालं एका अर्थी. कळेल तरी कसं वाटतं ते.’’ ‘‘कसं म्हणजे?’’ ‘‘काही नाही हो. तेवीस वर्षं मी घरात बसून विचार करायची, की हा माणूस माझं वाक्य पुरं व्हायची वाट बघत नाही, आणि तिकडे एका बाईचा श्वास संपेपर्यंत दम धरून बसतो. मलाही वाटलंच की काही काही.’’ ती हे हसत म्हणाली, आणि हसता हसताच पुढचं पुस्तक ओढून घेतलं. त्याला वाटलं, काहीतरी बोलावं. पण बोलण्यासारखं तोंड नव्हतं.

तिला काय सांगणार? कुणालाच सांगण्यासारखी गोष्ट नव्हती ती. बाईंचा मोठा ख्याल एकतालात असायचा, बारा मात्रांचा फेरा, आणि लय इतकी सावकाश की एक फेरा पुरा व्हायला जवळजवळ मिनिट जाई. गाणाऱ्याने त्या मिनिटात कुठेही जावं. डोंगर चढावा, दरीत उतरावं, वाट चुकल्यासारखं करावं. पण फेरा संपताना बंदिशीचे पहिले शब्द घेऊन बरोबर पहिल्या मात्रेवर येऊन उतरायचं, समेवर. तबलजीने तोवर काय करायचं? काहीही नाही. रस्त्याच्या कडेचे दिवे एका अंतराने लावत जायचं, बस. हात शिवशिवतात, सगळं येत असतं, एका मात्रेत सोळा बोल कोंबता येत असतात, आणि तरीही नुसतं धिं, धिं, धागे, तिरकिट. टाळी मिळते ती गाण्याला. त्याला तरुणपणी हे फार जाचलं होतं. मग बाई भेटल्या, आणि त्याला कळलं की यातही एक मालकी असते. बाई डोळे मिटून वर कुठेतरी फिरत असायच्या आणि त्यांच्या पायाखालची जमीन त्याच्या हातात असायची. दहाव्या मात्रेवर दुसरं तिरकिट वाजलं की त्यांना कळायचं, घर जवळ आलं. त्या डोळे उघडायच्या आणि त्याच्याकडे बघायच्या. एवढंच. दर फेऱ्याला एकदा. तेवीस वर्षांत किती वेळा बघितलं असेल त्यांनी? लग्नाच्या बायकोनेही इतक्या वेळा बघितलं नसेल.

आणि सात वर्षांपूर्वी एका मैफलीत, चौथ्या की पाचव्या फेऱ्यात, त्याच्या लक्षात आलं की बाई समेवर उशिरा येताहेत. किंचित. केसभर. शेवटच्या दोन मात्रांत त्यांचा शब्द ओढला जात होता आणि सम त्यांच्या हातून निसटणार होती. त्याने विचार केला नाही, हातानेच केला. शेवटचा ‘ना’ त्याने जरासा लांबवला, डग्ग्यावरचा तळवा एक क्षण उशिरा उचलला, आणि सम आणि बाई एकाच वेळी आल्या. कुणाला पत्ता नाही. लोकांनी ‘वा’ म्हटलं. त्याला मात्र घाम फुटला होता, आणि त्या घामात एक गोड, चोरटा आनंद होता. बाईंची लय सुटत चालली होती आणि ते या जगात एकट्या त्याला ठाऊक होतं. पुढे दर मैफलीत त्याने हे सांभाळलं. डोळ्यांत तेल घालून सांभाळलं. हळूहळू केसभराचं बोटभर झालं असेल. बाई त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत, तोही बोलला नाही. पण दहाव्या मात्रेवरची ती नजर दिवसेंदिवस जास्त वेळ टिकू लागली. आधी नुसती यायची आणि जायची, आता ती त्याच्या हातांवर सम येईपर्यंत थांबायची. त्याने त्या नजरेला उपकाराची जाणीव म्हटलं. कधी कधी, एकटा असताना, त्याहून मोठा शब्दही वापरला. आणि आता ही नजर कुणावर पडणार, तर एका दातांच्या डॉक्टरवर, ज्याला काही म्हणजे काही ठाऊक नाही!

बुधवारी दुपारी बाईंचा फोन आला. ‘‘मास्तर, मी.’’

‘‘बोला, बाई.’’

‘‘तुमच्या कानावर आलं असेल.’’

‘‘आलं. तोंड उघडं असताना आलं.’’

त्या हसल्या नाहीत. ‘‘मीच आधी सांगायला हवं होतं. धीर झाला नाही माझा. एकदा दुसऱ्या हाताबरोबर गाऊन बघावं म्हणते. एकदाच.’’

‘‘छे, छे. त्यात काय एवढं?’’

‘‘रागावला नाहीत ना?’’

‘‘राग कसला, बाई? तुमचं गाणं, तुमची मर्जी.’’

त्यांच्या खोलीतल्या पंख्याची घरघर त्याला ओळखू आली. ‘‘आणि मास्तर, ऐकायला येऊ नका,’’ त्या म्हणाल्या.

‘‘का बरं?’’

‘‘तुम्ही समोर असलात की मला नाही जमायचं.’’

फोन ठेवल्यावर त्याला पहिल्यांदा बरं वाटलं. मन खातंय तिचं. बाईंना मनात कधीच तो एकेरीत म्हणत नसे, आज म्हणाला. मन खातंय, तोंड दाखवायची लाज वाटतेय, म्हणून येऊ नका. म्हणजे नक्की जायचं. जाऊन समोर नाही बसायचं, मागे खांबाआड बसायचं आणि काय होतं ते बघायचं. काय होणार ते त्याला स्वच्छ दिसत होतं. डॉक्टर सरळ ठेका धरणार, शेवटचा ‘ना’ वाजला की सम देऊन मोकळा होणार, आणि बाई मागे राहणार. एकदा, दोनदा, तीनदा. लोक एकमेकांकडे बघतील. मैफल संपल्यावर बाई कुणाला फोन करतील? हा विचार त्याने त्या दिवसात इतक्या वेळा केला की शेवटी तो घडून गेल्यासारखाच वाटायला लागला. मनाची लाजही वाटत होती, नाही असं नाही. ज्या बाईच्या जिवावर आपण तबलजी म्हणून ओळखले गेलो, तिने चारचौघांत आपटावं म्हणून आपण टपून बसलो आहोत, हे त्याला कळत होतं. पण कळलं म्हणून काही थांबत नाही.

गुरुवारी डॉक्टरने दाढ पुरी कोरली, भरली, वर तात्पुरती टोपी बसवली. या खेपेला भूल कमी होती. सगळं आटोपल्यावर हातमोजे काढत, एखाद्या विद्यार्थ्यासारखं अवघडून डॉक्टर म्हणाला, ‘‘मास्तर, एक विचारू? बाईंच्या लयीचं काही सांगाल? काल तालमीला बसलो तर जरा दडपणच आलं. तुम्ही इतकी वर्षं केलंय. कुठे काही सांभाळावं लागतं का?’’ खुर्ची हळूहळू सरळ होत होती, तिची मोटर गुरगुरत होती. एका वाक्याचं काम होतं. शेवटची मात्रा जरा सैल सोडा, झालं. तो चूळ भरून उठला, आरशात ओठ पुसला आणि म्हणाला, ‘‘सांभाळायचं काय त्यात? सरळ ठेका धरा. घड्याळासारखा. बाई काहीही करोत, तुम्ही हलू नका.’’ डॉक्टरने ते अगदी मनापासून ऐकलं, मान डोलावली. ‘‘फार आभार, मास्तर. दुसऱ्या कुणी सांगितलं नसतं.’’ जिना उतरताना तो एकदा परत वर जायला वळला, आणि पुन्हा उतरू लागला.

शुक्रवार हा तालमीचा दिवस. संध्याकाळी पाचला पाय आपोआप बाईंच्या इमारतीपाशी गेले. खाली दिव्यांची शोभेची झुंबरं विकणारं दुकान. त्याने थोडा वेळ भर उजेडात जळणारी झुंबरं पाहिली. मग लिफ्टने चौथ्या मजल्यावर गेला. नुसतं बघायला. दारापाशी, जिथे त्याच्या चपला असायच्या, भिंतीला लागून, बरोबर त्याच जागी, तपकिरी रंगाचे चकचकीत बूट होते. नाड्या आत नीट खोचलेल्या. दाराआडून धिं, धिं, धागे येत होतं, एकसारखं, टापटीप. बाईंचा आवाज बारीक येत होता, शब्द कळत नव्हते. मध्येच गाणं थांबलं आणि बाई हसल्या. मोठ्याने, मोकळ्या. त्याच्यासमोर त्या असं शेवटचं कधी हसल्या होत्या ते त्याला आठवेना. त्याने आजूबाजूला पाहिलं आणि त्या उजव्या बुटाला पायाने हलकेच ढकललं. बूट जिन्याच्या तोंडाशी गेला. आणखी ढकलला. बूट एक पायरी खाली पडला, मग दुसरी, आणि तिथे आडवा झाला. एकोणसाठ वर्षांचा माणूस, लिफ्टची वाट न बघता, चारही मजले उतरून पळाला.

रविवारी सकाळी तो दाढी करत असताना बायकोने विचारलं, ‘‘जाताय?’’ तो हो म्हणाला. ‘‘त्या नको म्हणाल्या होत्या ना?’’ ‘‘म्हणाल्या होत्या.’’ तिने त्याचा इस्त्रीचा सदरा खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि स्वतःच्या कामाला लागली. सभागृहात तो वेळेआधी पोचला. मागच्या रांगेत, खांबाआड, ठरवल्याप्रमाणे बसला. पण तेवीस वर्षं ज्या माणसाने त्या मंचावर तबला लावला, त्याला तिथे कोण ओळखणार नाही? व्यवस्थापकाने लांबूनच पाहिलं, तरातरा आला, ‘‘मास्तर, तुम्ही मागे? छे, छे, लोक मला काय म्हणतील!’’ म्हणत दंडाला धरून पुढे नेलं आणि दुसऱ्या रांगेत अगदी मधोमध बसवलं. शेजारी एक वृद्ध रसिक, प्रत्येक मैफलीला येणारे. त्यांनी त्याच्याकडे पाहून भुवया उंचावल्या आणि अगदी हळू विचारलं, ‘‘बरं नाही का?’’ तो म्हणाला, ‘‘दाढ.’’

तंबोरे लागले. बाई आल्या, बसल्या, डोळे मिटले. त्यांनी प्रेक्षकांकडे पाहिलंही नाही. डॉक्टरने हातोडीने तबल्याची कड दोन ठिकाणी ठोकली, कान खाली नेऊन ऐकलं, बोटांना पावडर लावली. सगळं जितक्यास तितकं. बाईंनी बंदिशीचे पहिले शब्द घेतले आणि ठेका सुरू झाला. घड्याळासारखा. त्याचा हात आपोआप गुडघ्यावर गेला. लोकांचे जातातच, ताल धरायला, पण त्याचा जास्त हक्काने. पहिला फेरा. दुसरं तिरकिट वाजलं. बाई डोळे उघडतील म्हणून त्याने श्वास रोखला. त्यांनी उघडले नाहीत. डॉक्टरकडे बघितलं नाही! त्याला आतून उकळी फुटली. ती नजर त्याची होती, एकट्याची, दुसऱ्या कुणाला मिळणारी नव्हती. शब्द घेतला, सम आली, बाई त्यावर अलगद उतरल्या, आणि मग त्याचा तळवा गुडघ्यावर पडला. मग. त्याला गंमत वाटली. डॉक्टर पळाला, तो मनात म्हणाला. घाई आहे म्हटलं होतं ना चौदा वर्षांपूर्वी? मुरलेली घाई. बाईंना फरफटत नेलंन. दुसऱ्या फेऱ्यात त्याने नीट मोजलं, एकेका मात्रेचे चार चार भाग करून, मनात बोल म्हणत. बाई मागे राहणार या खात्रीने मोजलं. त्या आल्या, डॉक्टरच्या ‘धिं’वर, पाऊल ठेवावं तशा. हलकेच ‘वा’ उठला. तो ‘वा’ विरत असताना त्याचा तळवा पडला. त्याने शेजारी पाहिलं. वृद्ध रसिकांचं बोट त्यांच्या मांडीवर आधीच पडून गेलेलं होतं. पलीकडे बसलेल्या एका मुलीची मान आधीच डोलून गेली होती. तिसऱ्या फेऱ्यात तो डॉक्टरला विसरला, बाईंना विसरला, नुसता त्या म्हाताऱ्या बोटाकडे बघत राहिला. बोट पडलं. मग तो.

क्लासमधलं लेहऱ्याचं यंत्र, सरावाला एका लयीत तीच धून वाजवत राहणारं, हल्ली पळतं, म्हणून त्याने दोनदा दुरुस्तीला दिलं होतं. दुरुस्तीवाल्याने दोन्ही वेळा, काही बिघाड नाही, अशी चिठ्ठी लावून परत पाठवलं होतं. तो त्या माणसाला अडाणी म्हणाला होता. विद्यार्थी वाजवता वाजवता पुढे जातात म्हणून तो त्यांना रागवायचा, आणि ते एकमेकांकडे बघून गप्प बसायचे. त्या बघण्याचा अर्थ त्याने कधी लावला नव्हता. आता सगळे अर्थ एकदम लागायला लागले, नको म्हटलं तरी लागायला लागले. सात वर्षांपूर्वीच्या त्या मैफलीत कुणाचा शब्द ओढला गेला होता, आणि कुणासाठी? त्याने ‘ना’ लांबवला होता की त्याचा ‘ना’ लांबलाच होता, आणि तो येईपर्यंत बाई शब्द हातात धरून उभ्या राहिल्या होत्या? दहाव्या मात्रेवर डोळे उघडून त्या त्याच्या हातांकडे बघायच्या, सम येईपर्यंत बघायच्या. आभार मानायला कुणी हातांकडे बघतं का? रस्ता ओलांडणाऱ्या म्हाताऱ्या माणसाकडे बघतात तसं ते बघणं होतं. आज त्या डोळे मिटून गात होत्या. आज त्यांना कुणाकडे बघावं लागत नव्हतं. आणि काय गात होत्या! फेऱ्याच्या अगदी टोकापर्यंत जाऊन, आता पडणार असं वाटता वाटता, एका उडीत परत येत होत्या. असं गाणं त्याने त्यांच्या तोंडून दहा वर्षांपूर्वी ऐकलं होतं, आणि वय झालं की जातं तसं गेलं असेल, असं समजून चालला होता. घड्याळासारखा ठेका धरा, असं डॉक्टरला कुणी सांगितलं होतं? त्यानेच. त्याला रडू येईल असं वाटलं. आणि त्याही अवस्थेत, खोटं कशाला बोला, त्याला डॉक्टरचा हेवा वाटत होता, आधीपेक्षा जास्त. आधी तो जागेचा होता. आता त्या दोन सरळ हातांचा.

पाचव्या फेऱ्यात बाई वरच्या सुरावर थांबल्या, तो सूर भरला, आणि त्या भरात त्यांनी डोळे उघडले. समोर दुसऱ्या रांगेत तो. त्यांची डावी भुवई वर गेली नाही, चेहऱ्यावर राग आला नाही, काहीच आलं नाही. नजर फक्त खाली सरकली, त्याच्या गुडघ्यावरच्या हाताकडे, आणि तिथे थांबली. सवयच ती. दुसरं तिरकिट वाजलं. अकरा, बारा. बाईंनी शब्द उचलला आणि तो हातात धरून त्या उभ्या राहिल्या. डॉक्टरचा ‘धिं’ घुमला, एकटा. शेजारच्यांचं बोट पडलं. बाई आल्या नव्हत्या. सबंध सभागृहाने एक बारीक श्वास आत ओढला. आणि मग त्याचा तळवा गुडघ्यावर पडला, आणि त्याच क्षणाला, जराही मागेपुढे न होता, बाई आल्या. एवढ्या माणसांत त्या दोघांचीच सम एक झाली. क्षणभर त्याच्या अंगावर सुखाचा काटा आला. आठवडाभर जी इच्छा धरून बसला होता, ती अशी पुरी झाली होती. बाई चुकल्या होत्या, चारशे लोकांच्या देखत, आणि त्याच्याचसाठी चुकल्या होत्या.

मागे कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालं, ‘‘वय झालं.’’ डॉक्टर गोंधळून बाईंकडे बघत होता, आपलंच काही चुकलं अशा चेहऱ्याने, पण हात हलला नाही त्याचा, ठेका चालू राहिला. बाईंची नजर अजून तिथेच होती. त्या गात होत्या, पण आता बेताने, जवळच्या जवळ, हात धरून चालल्यासारखं. आठ मात्रा झाल्या असतील. उठून जाणं शक्य नव्हतं, दोन्हीकडे माणसं होती. त्याने गुडघ्यावरचा हात उचलला आणि मांडीखाली सारला. मग दुसराही. शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा स्वतःच्या हातांवर बसला आणि मान खाली घातली. हातांच्या बोटांत रक्त ठोके देत होतं. वर बघायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं, तरी बघितलं. बाईंनी डोळे मिटले होते. दुसरं तिरकिट गेलं. शब्द उचलला गेला, बाई समेवर उतरल्या, बरोबर, डॉक्टरच्या ‘धिं’वर, आणि सगळं सभागृह ‘वा’ म्हणालं. आणि मग, थोड्या वेळाने, त्याची सम आली.